बछेरीची पाठ आणि सावकाराची तारीख

वाचकहो, व्यापार-उद्योगाच्या या पानावर आम्ही नेहमी सूत, माल, उधारी आणि बाजारभाव यांच्याच गोष्टी करतो. आज घोड्याची गोष्ट करणार आहोत. कापडवाल्याने घोड्यावर लिहावे याचे काहींना नवल वाटेल. पण कोथरूडला आमचे दुकान असल्याला तीस वर्षे होत आली आणि या तीस वर्षांत वरातीच्या घोड्यांना लागणारी मखमल, साटीन आणि जरीची किनार आमच्याच काउंटरवरून गेली आहे. घोडेवाले आमचे जुने गिऱ्हाईक. त्यांची उधारी आमच्या वहीत असते आणि त्यांची सुखदुःखेही आमच्या कानावर येतात.

प्रस्तुत लेखाचा विषय एकच आहे. तरुण घोडा पाठीवर माणूस घेण्यास तयार झाला, हे कशावरून ओळखावे? हा प्रश्न केवळ शौकिनांचा नाही. महाराष्ट्रात वरातीचे घोडेवाले, माथेरान-महाबळेश्वरचे घोडेवाले, रपेट शिकवणारे क्लब असा बराच मोठा वर्ग घोड्याच्या पाठीवर पोट भरतो. या धंद्यात भांडवल म्हणजे जिवंत जनावर. ते अवेळी कामाला लावले तर भांडवलच बुडते. आणि ते अवेळी कामाला लावण्याची घाई बहुतेक वेळा घोडेवाल्याची नसतेच. ती कोणाची असते, हे आम्ही स्वतःच्या चुकीवरून शिकलो.

आमची चूक

आमच्याकडे एक बुजुर्ग घोडेवाले येतात. सारी आळी त्यांना चाचा म्हणते, आम्हीही चाचाच म्हणतो. चांदणी चौकापलीकडे भूगावच्या बाजूला त्यांचा छोटा तबेला आहे. २०१२ साली त्यांनी सत्तर हजारांना एक दोन वर्षांचा पांढरा बछेरा घेतला. त्यांतले चाळीस हजार आमचे होते. व्याज घेण्याची आमची रीत नाही, पण तारीख आम्ही पक्की घेतली होती. रमजानच्या आधी माल भरायचा असतो, तेव्हा पैसा हातात हवा, म्हणून उन्हाळ्याच्या लग्नसराईतच अर्धी रक्कम परत करायची असे ठरले.

चाचांनी शब्द पाळला. पण कसा? बछेऱ्याला अडीच वर्षे पुरती झालेली नसताना त्याच्यावर खोगीर चढले. पाठीवर नवरदेव, पुढ्यात एखादा लहान भाचा, भोवती ढोल-ताशा आणि तास-दीड तासाची मिरवणूक. पहिल्या वर्षी काही दिसले नाही. दुसऱ्या वर्षी तो तंग आवळताना दात दाखवू लागला. तिसऱ्या वर्षी पाठ मध्ये खचल्यासारखी दिसू लागली आणि चालीत मागचा पाय आखडू लागला. २०१६ चा हंगाम त्याचा शेवटचा ठरला. सातव्या वर्षात पाऊल टाकताना त्याचे काम संपले. घोड्याच्या हिशेबाने ते भर जवानीचे वय.

वीटभट्टीवाला वीस हजार देत होता. चाचांनी दिला नाही. "सेठ, ज्याच्या पाठीवर मी कर्ज फेडले, त्याला तिथे कसा पाठवू?" एवढेच बोलले. घोडा २०२० साली तबेल्यातच गेला.

आमचे पैसे वेळेवर आले होते. वहीत ते खाते आम्ही लाल शाईने 'चुकते' म्हणून मारले होते. पुढे कधी ते पान उघडले की कळायचे, की ती तारीख आम्ही आमच्या मालाच्या सोयीने लिहिली होती आणि तिचे ओझे एका अडीच वर्षांच्या जनावराने उचलले होते.

सारंगखेड्याची खरेदी

म्हणून डिसेंबर २०२३ मध्ये चाचा नव्या जनावराची गोष्ट घेऊन आले, तेव्हा आम्ही म्हणालो, "चाचा, या वेळी आम्हीही येतो आणि तारीख नंतर ठरवू." आमचे मूळ मालेगावचे. धुळे, दोंडाईचा हा रस्ता लहानपणापासून पायाखालचा. नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यात, तापीच्या काठी सारंगखेडा आहे. तेथे एकमुखी दत्ताची यात्रा मार्गशीर्ष पौर्णिमेला सुरू होते आणि तिच्याबरोबर घोड्यांचा मोठा बाजार भरतो. मारवाडी, काठेवाडी, पंजाबकडचे पांढरे नुकरा, असे देशभरचे जनावर तेथे पाहायला मिळते.

चाचांना एक कुमैत बछेरी पसंत पडली. विकणारा म्हणाला, "तीन वर्षे पूर्ण, उद्या बसा." उंचीला ती भरपूर होती. मान ताठ, डोळा पाणीदार. आम्हालाही वाटले, तयारच आहे. पण कोऱ्या कापडाचा अनुभव आठवला. माग्यावरून उतरलेले कोरे कापड गजाने मोजले तर पुरे भरते. ते न आटवता शिवले तर शिवतानाही काही कळत नाही. पहिल्या धुण्यात अंगरखा आखूड होतो. जनावराचेही असेच आहे. अवेळी टाकलेले ओझे त्या दिवशी दिसत नाही, दोन वर्षांनी दिसते.

चाचांनी बछेरीचा ओठ वर केला आणि विकणाऱ्याकडे पाहून हसले.

पहिला साक्षीदार : दात

घोड्याला पुढे वर सहा आणि खाली सहा असे कातरे दात असतात. ते आधी दुधाचे असतात. लहान, पांढरेशुभ्र आणि हिरडीजवळ निमुळते. सुमारे अडीच वर्षांच्या वयात मधली जोडी पडून कायमची जोडी येऊ लागते. साडेतीनला तिच्या शेजारची, साडेचारला कडेची. पाच वर्षांना तोंड पुरे होते. कायमचा दात रुंद आणि जरा पिवळसर असतो, त्यामुळे एकदा पाहिले की फरक विसरत नाही. बकरी ईदच्या बाजारात दुसा-चौसा ओळखणाऱ्या आमच्या वाचकांना ही रीत नवी वाटणार नाही. वयाची वर्षे मात्र घोड्याची वेगळी आहेत, बकऱ्याचा हिशेब घोड्याला लावू नये.

सदर बछेरीची मधली जोडी नुकतीच हिरडीतून डोकावत होती. म्हणजे वय अडीचच्या आसपास. तीन पूर्ण नव्हते. येथे खरेदीदाराने एक सावधगिरी बाळगावी. काही ठिकाणी वय जास्त दाखवण्यासाठी दुधाचे दात मुद्दाम उपटलेले असतात. हिरडी सुजलेली किंवा रिकामी दिसली आणि खाली नव्या दाताची कोर दिसत नसली, तर सौदा सोडावा.

दातांवरून वय सांगण्याची विद्या जुनी आहे. उर्दूत घोड्यांवर फरसनामे लिहिण्याची परंपरा होती, सआदत यार खाँ रंगीन यांचा फरसनामा त्यांतला नामांकित. संस्कृतात शालिहोत्राचे नाव घेतात. नव्या घोड्याला वळण लावणाऱ्यासाठी 'चाबुकस्वार' हा शब्द उर्दूतही आहे आणि मराठीतही. आपल्या मुलखात हे ज्ञान कोणा एकाच्या मालकीचे कधीच नव्हते.

पण दात फक्त वय सांगतात, ताकद सांगत नाहीत. चाचांनी भाव पाडून बछेरी १ लाख ४० हजारांना घेतली. त्यांतले ८० हजार आमचे. तारखेचा रकाना आम्ही कोरा ठेवला.

दुसरा साक्षीदार : हाडे

पुण्यात आल्यावर जनावरांच्या डॉक्टरांना बोलावले. त्यांनी जे समजावले ते प्रत्येक घोडेवाल्याने आणि त्याला पैसे देणाऱ्या प्रत्येकाने समजून घेण्यासारखे आहे.

वाढत्या जनावराच्या लांब हाडांच्या टोकाशी कूर्चेचा एक पट्टा असतो. हाड तेथून वाढते. वाढ पुरी झाली की कूर्चेच्या जागी पक्के हाड तयार होते. त्याला आपण 'सांधा बंद झाला' असे म्हणू. घोड्यात हे साधारणपणे खालून वर होत जाते. खुरातले हाड आणि त्यावरची छोटी हाडे पहिल्या वर्षातच पक्की होतात. पुढच्या पायाच्या गुडघ्याच्या वरचा पट्टा सुमारे दोन ते अडीच वर्षांत बंद होतो. खांद्याची आणि कमरेची हाडे त्यानंतर. सर्वांत शेवटी पाठीचा कणा, तो पुरता पक्का व्हायला साडेपाच वर्षे आणि त्याहूनही जास्त लागू शकतात.

म्हणजे पाहा, स्वार ज्या जागी बसतो ती जागाच सर्वांत उशिरा तयार होते. पाय मजबूत दिसले म्हणून पाठ मजबूत झाली असे होत नाही. जात लहान असो वा मोठी, हा क्रम बदलत नाही. बुटके घोडे लवकर पिकतात हा समज बाजारात फार आहे, त्यावर विसंबू नये.

गुडघा तपासण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे एक्स-रे. जुने लोक गुडघ्याच्या वर बोट फिरवून अंदाज घेत. अंदाज म्हणून ठीक, पण त्याच्या भरवशावर लाखाचे जनावर लावू नये. फिरते यंत्र घेऊन येणारे डॉक्टर पुण्यात मिळतात. बछेरीच्या गुडघ्याच्या वर पट्टा अजून स्पष्ट दिसत होता. डॉक्टर म्हणाले, "सहा महिन्यांनी पुन्हा पाहू. तोवर पाठीवर माशीसुद्धा नको."

तिसरा साक्षीदार : आमचा टेप

आता आमच्या धंद्यातले एक हत्यार कामाला आले. घोडा वजनकाट्यावर चढवणे प्रत्येकाला शक्य नसते. त्यासाठी एक सोपा हिशेब आहे. पुढच्या पायांच्या लगेच मागे, छातीभोवती टेप लावून घेर घ्यावा. नंतर खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत लांबी घ्यावी. दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेराला घेराने गुणावे, मग लांबीने गुणावे आणि ११,८८० ने भागावे. येते ते अंदाजे वजन, किलोत.

बछेरीचा घेर १६० आला, लांबी १४५. हिशेब केला तर वजन सुमारे ३१२ किलो.

पुरत्या वाढलेल्या, निरोगी घोड्याने स्वार आणि सामान मिळून आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शापर्यंत ओझे घ्यावे, असा सर्वसाधारण नियम जाणकार सांगतात. २००८ मध्ये अमेरिकेतील ओहायो येथे आठ घोड्यांवर वेगवेगळे वजन ठेवून पाहणी प्रसिद्ध झाली होती. वजनाच्या १५ आणि २० टक्के ओझ्याला घोडे ठीक होते. २५ आणि ३० टक्क्यांना हृदयाचे ठोके वाढले, स्नायू दुखरे झाले. ही गोष्ट प्रौढ घोड्यांची. बछेरीला त्याहूनही कमी हवे.

बछेरीचा पाचवा हिस्सा म्हणजे ६२ किलो. आता वरातीचा हिशेब करा. नवरदेव ७० किलो, खोगीर, झूल आणि साज मिळून १० किलो, पुढ्यात भाचा १५ किलो. झाले ९५. हे ओझे पाचव्या हिश्शात बसायला घोडा पावणेपाचशे किलोचा हवा. भाचा उतरवला तर ८० किलो, त्यासाठीही चारशेचा हवा. भाच्याला घोड्यावरून उतरवा, हे घोडेवाल्याने तोंडाने सांगायला शिकले पाहिजे. आम्ही तर झूल विकणारे असूनही सांगतो, तरुण घोड्यासाठी जड मखमलीऐवजी हलके साटीन घ्या. दिसायला तेच, भार निम्मा.

कायदाही येथे बोलतो. १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ प्रमाणे, वयामुळे किंवा आजारामुळे कामास अयोग्य असलेल्या जनावराकडून काम करून घेणे हा गुन्हा आहे. म्हातारपणच नव्हे, कोवळेपणही त्यात आले. १९६५ च्या ओझेवाहू जनावरांच्या नियमांत तट्टूच्या पाठीवरील मालाची मर्यादा ७० किलो दिली आहे.

चौथा साक्षीदार : घडण

वाढत्या वयात घोडा सरळ रेषेत वाढत नाही. कधी मागचा पुठ्ठा वर जातो, कधी पुढचा भाग त्याला गाठतो. पुठ्ठा उंच आणि मानेच्या मुळाशी असलेला उंचवटा खाली असेल, तर खोगीर पुढे घसरते आणि सगळे ओझे पुढच्या पायांवर येते. महिन्यातून एकदा सपाट जमिनीवर उभे करून दोन्ही उंची मोजून ठेवाव्यात. पुढचा भाग मागच्याच्या बरोबरीला येऊन काही महिने टिकला, की समजावे वाढीचा मोठा झपाटा ओसरला. पाठीच्या दोन्ही बाजूंना मांस भरले आहे का, हेही हाताने पाहावे. कण्याची धार टोचत असेल तर खोगीर ठेवू नये.

मग शर्यतीचे घोडे दोन वर्षांचे कसे धावतात?

हा प्रश्न आम्हीही विचारला. पुण्याच्या रेसकोर्सवर पावसाळ्यात शर्यती चालतात. पुण्याजवळच १९४६ साली सुरू झालेला पूनावाला यांचा स्टड फार्म आहे. शर्यतीच्या जातीचे घोडे दुसऱ्या वर्षीच शिकवणीला लागतात हे खरे. पण त्यांच्या पाठीवरचा जॉकी पन्नास-पंचावन्न किलोचा, खोगीर नावापुरते, जमीन हिरवळीची आणि धाव एक-दोन मिनिटांची. डॉक्टर रोज दाराशी. तरीही दोन वर्षांच्या घोड्यांत नळीचे हाड दुखावण्याचे प्रकार नेहमीचे आहेत. शिवाय या घोड्यांचे वय १ जानेवारीपासून मोजतात, त्यामुळे कागदावरचे आणि खरे वय यांत काही महिन्यांचा फरक पडतो. आणि ध्यानात घ्या, १९४३ पासून चालत आलेली इंडियन डर्बी, २४०० मीटरची मानाची शर्यत, चार वर्षांच्या घोड्यांसाठीच असते.

दुसऱ्या टोकाला व्हिएन्नाची स्पॅनिश रायडिंग स्कूल पाहा. तेथील लिपिझान घोडे चार वर्षांच्या सुमारास शिकवणीला येतात आणि वीस वर्षे ओलांडूनही काम करताना दिसतात.

मात्र एक गैरसमज दूर केला पाहिजे. थांबणे म्हणजे जनावर खुंट्याला बांधून ठेवणे नव्हे. हाडाला लहानपणी हालचाल मिळाली तरच ते घट्ट होते. मोकळे फिरणे, चढ-उतार चालणे, थोडे दौडणे, हे कोवळ्या वयात हवेच. नको आहे ते पाठीवरचे ओझे आणि लहान गोलात तासन् तास फिरवणे.

पाचवा साक्षीदार : मन

चाचांनी २०२४ चे पूर्ण वर्ष जमिनीवरच्या शिकवणीत घातले. दोर धरून शेजारी चालणे. हाक ऐकून थांबणे. चारही पाय नालबंदाच्या हातात देणे. अंगावर गोणपाट, मग रिकामे खोगीर, मग हळूहळू तंग. लांब लगाम धरून मागे चालत तिला डावी-उजवी वळवणे. रोज वीस मिनिटे आणि कंटाळली की बंद.

कोथरूडची एक वेगळी परीक्षा आहे. ६ मार्च २०२२ पासून पौड रोडवर डोक्यावरून मेट्रो धावते. खाली बस, रिक्षा, दुचाक्या. हंगामात म्हात्रे पूल ते राजाराम पूल या डीपी रोडवर मंगल कार्यालये आणि लॉन एकाशेजारी एक, प्रत्येकात वेगळा बँड. येथे घाबरट घोडा म्हणजे अपघात. चाचा बछेरीला भल्या सकाळी वनाजजवळ आणून दूर उभी करीत. पहिल्या दिवशी मेट्रो आली तशी ती दोन पायांवर उठली. चाचांनी ओढले नाही, मारले नाही, हरभऱ्याची मूठ पुढे केली. पंधरा दिवसांनी ती मेट्रोखाली उभी राहून पेंग घेऊ लागली.

त्या वर्षी तिने काही कमाईही केली, बिनस्वाराची. साज घालून मिरवणुकीच्या पुढे नुसते चालणे, फोटोसाठी उभे राहणे. आवाजाची सवय झाली आणि चाऱ्याला हातभार लागला. हा मार्ग घोडेवाल्यांनी विचारात घ्यावा.

परीक्षेची घडी

मे २०२४ मध्ये चाचांचा जुना घोडा लंगडला. भर हंगाम, सहा वराती ठरलेल्या. संध्याकाळी चाचा दुकानात आले आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "सेठ, घोडी उंच झाली आहे. एक वरात घेऊ का? एकच."

आम्ही टेप काढला नाही, एक्स-रे मागितला नाही. विचारले, "चाचा, हे घोडी म्हणते की बयाणा म्हणतो?"

ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बयाणा."

सहापैकी चार वराती त्यांनी ओळखीच्या घोडेवाल्याला दिल्या, दोघांचा बयाणा परत केला. ती रक्कम आम्ही पुढे केली आणि त्याच खात्यात चढवली. सांगायला सोपे आहे, पण त्या दिवशी आमच्याही गल्ल्यात फार नव्हते. हेही सांगितले पाहिजे, की एक वरात काढली असती तर बहुधा काही दिसलेही नसते. पण एकाची दुसरी होते आणि दुसरीची सवय.

जुलैत पुन्हा एक्स-रे काढला, गुडघ्याचा पट्टा बंद झाला होता. चाचा तरी घाईला आले नाहीत. डिसेंबरात दातांची दुसरी जोडी बदलू लागली. जानेवारी २०२५ मध्ये, साडेतीन वर्षे उलटल्यावर, पंचेचाळीस किलोचा त्यांचा तरुण पुतण्या प्रथम पोटावर आडवा पडला, चार दिवसांनी पाय टाकून बसला. पाच मिनिटे, सरळ चाल, आठवड्यातून दोन-तीन वेळा. त्या वर्षभरात वेळ वीस मिनिटांवर गेली.

दर वेळी दुसऱ्या सकाळी चाचा कण्याच्या दोन्ही बाजूंनी अंगठे दाबत नेत. जनावर पाठ खाली दबवते का, कातडी थरथरते का, कान मागे टाकते का? तंग आवळताना चावायला येणे, शेपूट सतत झटकणे, पावले आखूड पडणे, उतारावर बिचकणे, या सर्व तक्रारीच आहेत. जनावराला वाद घालता येत नाही, ते एवढेच सांगू शकते. अशी खूण दिसली तर आठवडाभर खोगीर खाली आणि कारण शोधणे. एप्रिलात एकदा असे झाले, खोगीर अरुंद पडत होते. चाचांनी ते बदलले, घोडी बदलली नाही.

नोव्हेंबर २०२५ मध्ये, तुळशीची लग्ने आटोपल्यावर, तिने पहिला नवरदेव घेतला. वय जवळजवळ साडेचार. टेपने वजन ३९५ किलो. मुलगा सडसडीत होता, भाचा खाली चालत होता, अंतर अर्धा किलोमीटर. आम्ही दुकान पुतण्यावर सोपवून पाहायला गेलो. मेट्रो गेली, फटाके वाजले, ती कान हलवत चालत राहिली. अजूनही चाचा तिला आठवड्यात दोनच वराती देतात. कणा पक्का व्हायचा आहे, हे ते विसरलेले नाहीत.

हिशेब

आता व्यापारी बंधूंनी नफा-तोटा पाहावा. पहिला घोडा सत्तर हजारांचा. चार हंगाम काम केले. नंतर तीन वर्षे त्या वेळच्या भावाने दिवसाला दीडशे रुपये चारा, म्हणजे सुमारे १ लाख ६४ हजार. एकूण २ लाख ३४ हजार, भागिले चार. हंगामाला साडेअठ्ठावन्न हजार पडले.

ही घोडी १ लाख ४० हजारांची. सुमारे सातशे दिवस थांबण्याचा खर्च दिवसाला अडीचशेने १ लाख ७५ हजार. एकूण ३ लाख १५ हजार. अल्लाच्या मर्जीने ती अठरा वर्षांपर्यंत चालली तर तेरा हंगाम, हंगामाला चोवीस हजार. अठरापर्यंत चालेलच अशी हमी कोणी देत नाही. पण आठ हंगाम चालली तरी एकोणचाळीस हजारांच्या आसपास पडते, म्हणजे पहिल्यापेक्षा बरेच कमी. बिचकून पाडलेल्या नवरदेवाचा दवाखाना यात धरलेलाच नाही.

पैसे देणाऱ्यांस दोन शब्द

घोडा तयार आहे का, हे एका खुणेवरून ठरवू नये. दात, हाडे, वजन, घडण आणि मन हे पाच साक्षीदार. पाचही एकच बोलले तर खोगीर ठेवावे. चार बोलले आणि पाचवा गप्प असला तर थांबावे.

आणि सहावा एक असतो, तो साक्षीदार नसून दबाव असतो. तो म्हणजे आमच्यासारख्याची वही. बँक असो, पतसंस्था असो वा ओळखीचा दुकानदार, कोवळ्या जनावरासाठी पैसे देताना पहिला हप्ता त्याच्या दातांवरून ठरवावा. आंब्याचे रोप लावणाऱ्याकडे पुढच्या उन्हाळ्यात कोणी फळे मागत नाही. मग बछेऱ्याच्या पाठीवर पुढच्या उन्हाळ्याची तारीख का लिहावी? ज्याला तेवढे थांबणे परवडत नाही त्याने पाच-सहा वर्षांचा, शिकलेला घोडा घ्यावा. महाग पडतो, पण त्याचा खर्च लपलेला नसतो.

चाचांनी जानेवारीत पहिले पाच हजार आणून दिले. आम्ही वहीत तारखेचा कोरा रकाना उघडला आणि विचारले, "बाकीचे कधी लिहू?"

चाचा म्हणाले, "कडेची जोडी आली की."

आम्ही तसेच लिहिले आहे.